गरिबी कुणाची कमी, भारताची की बांगलादेशची? आणि ठरवायचं कशावरून?

चंद्रभागा

जून २०२५ मध्ये जागतिक बँकेनं दारिद्र्यरेषा दिवसाला ३ डॉलरवर नेली (२०२१ च्या क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या त्या देशातल्या किमती धरून). या रेषेखाली भारतात २०११-१२ मध्ये २७.१ टक्के लोक होते, ते २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के उरले. बांगलादेशात तिथल्या सरकारी पाहणीनुसार २०२२ मध्ये १८.७ टक्के लोक गरीब होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'आपण कितीतरी पुढे' असा निकाल रोज कुठे ना कुठे वाचायला मिळतो. मला तो मान्य नाही.

पहिली गोष्ट, या दोन वेगळ्या रेषा आहेत. १८.७ टक्के ही बांगलादेशनं स्वतः आखलेली वरची रेषा. त्यांची अतिगरिबीची खालची रेषाही आहे आणि तिच्याखाली ५.६ टक्के लोक येतात. आपली शेवटची सरकारी रेषा तेंडुलकर समितीच्या पद्धतीची, २०११-१२ ची: माणशी महिना खेड्यात ८१६ रुपये, शहरात १००० रुपये. रंगराजन समितीनं २०१४ मध्ये ९७२ आणि १४०७ रुपये सुचवले, ते सरकारनं स्वीकारले नाहीत. त्यानंतर नवी रेषा जाहीरच झालेली नाही.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. गरिबी मोजायची तर ती लहान मुलाच्या अंगावर मोजावी. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानानं उंची खुंटलेली मुलं किती? २००४ मध्ये बांगलादेशात ५१ टक्के. आपल्याकडे २००५-०६ मध्ये ४८ टक्के. म्हणजे सुरुवात जवळपास एकाच जागेवरून झाली, उलट ते थोडे मागेच होते. २०२२ मध्ये ते २४ टक्क्यांवर आले. आपण २०१९-२१ च्या पाहणीत ३५.५ टक्क्यांवर होतो. महाराष्ट्र ३५.२ टक्के! दरडोई उत्पन्नात महाराष्ट्र बांगलादेशच्या पुढे आहे, तरी आपल्या राज्यात दर तीन मुलांतल्या एकाहून अधिक मुलांची वाढ खुंटलेली.

बांगलादेशात हे पैशानं झालं नाही, घरोघरी जाऊन झालं. १९८० पासून दहा वर्षं 'ब्रॅक' संस्थेच्या बायका खेड्यापाड्यांत एकेका आईला जुलाबावरचं पाणी घरी करायला शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना आईला किती लक्षात राहिलं यावर ठरायचा. पुन्हा तपासायला दुसरा माणूस जायचा. जुलाबानं मूल जाणं कमी झालं त्याला हे एक मोठं कारण. पुढे २००० च्या सुमारास राजशाहीच्या खेड्यांत, गावानं एकत्र बसून उघड्यावरच्या घाणीचा हिशेब मांडायचा आणि स्वतः संडास बांधायचे, अशी चळवळ सुरू झाली. १९९४ पासून ग्रामीण मुलींना माध्यमिक शाळेसाठी देशभर विद्यावेतन मिळू लागलं. खिशात पैसे कमी असताना त्यांनी मुलं वाढवली. ज्या देशात मूल नीट वाढतं तो देश कमी गरीब, असं मी म्हणते.

गोदातीर

पूर्ण असहमत. ताई, तुम्ही तुम्हाला सोयीचा एक आकडा उचललात. मी दुसरा उचलतो. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या किती? बांगलादेशात २०१९ मध्ये ५१ टक्के. भारतात २०१९-२१ मध्ये २३.३ टक्के. निम्म्या मुलींना अल्पवयात संसाराला लावणाऱ्या देशाला 'कमी गरीब' कसं म्हणायचं?

आरोग्य, शिक्षण, घर, पाणी, वीज, चुलीचं इंधन असं सगळं धरून जो बहुआयामी गरिबीचा निर्देशांक काढतात, त्यात बांगलादेश २४.६ टक्के (२०१९) आणि भारत १६.४ टक्के (२०१९-२१). त्यात मुलांचं पोषणही धरलेलं आहे, फक्त पोषणच नाही. आपल्याकडे ८१ कोटी लोकांना महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळतं. करोनात ते मिळालं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

२०२० च्या ऑक्टोबरात नाणेनिधीनं बांगलादेशचं दरडोई उत्पन्न १८८८ डॉलर आणि आपलं १८७७ डॉलर राहील असा अंदाज दिला, तेव्हा इथे केवढा गहजब झाला. पुढे काय झालं? डॉलरला ८६ टका (बांगलादेशचं चलन) पडत होते, ते दोनेक वर्षांत १२० पडू लागले. महागाई नऊ टक्क्यांच्या वर गेली. ढाक्याच्या 'पीपीआरसी' संस्थेनं २०२५ मध्ये पाहणी केली तर गरिबी जवळजवळ २८ टक्क्यांवर. मुलं वाढवली हे चांगलंच, पण घर कोसळलं तर ती मुलं राहणार कुठे?

सांख्यिक

दोन्ही बाजूंनी आकडे येताहेत, ते कसे गोळा झाले हेही पाहू.

भारताची २७.१ वरून ५.३ ही घसरण खरी आहे, पण सगळीच्या सगळी नाही. घरखर्चाच्या सरकारी पाहणीत २०११-१२ मध्ये एकाच भेटीत पूर्ण प्रश्नावली भरून घेत. २०२२-२३ मध्ये एकाच कुटुंबाकडे तीन महिन्यांत तीन भेटी झाल्या: एकदा खाण्याचे पदार्थ, एकदा बाकीचा नेहमीचा खर्च, एकदा टिकाऊ वस्तू. माणूस कंटाळत नाही, आठवून सांगतो, त्यामुळे नोंदलेला खर्च वाढतो. मधली २०१७-१८ ची पाहणी सरकारनं प्रसिद्धच केली नाही. ती हाती असती तर वाटेतला एक टप्पा दिसला असता. आता अकरा वर्षांची थेट उडी दिसते.

चंद्रभागाताईंच्या तुलनेतही वर्षं जुळत नाहीत. वाढ खुंटलेल्या मुलांचा बांगलादेशचा २०२२ चा आकडा त्यांनी आपल्या २०१९-२१ शी लावला. त्यांचा २०१७-१८ चा आकडा ३१ टक्के आहे. तो घेतला तर अंतर साडेचार टक्क्यांचं राहतं. ते पुढे आहेतच, फक्त इतके नाहीत.

पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबीचा जो अभ्यास मांडला, त्यात माणसाला रोज २२५० उष्मांक मिळवायला किती खर्च लागतो यावरून रेषा काढली होती: १९६०-६१ च्या किमतींत खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेवर पुष्कळ टीका झाली, पण ती कशासाठी आहे हे कुणालाही कळत होतं. ३ डॉलरमध्ये काय काय येतं, हे इथे कुणी सांगू शकेल का?

मागावरचा

मी इचलकरंजीचा. कापडधंद्यातच काम, त्यातली काही वर्षं ढाक्याजवळ गाझीपूरला काढली. तुम्ही सगळे कागदावरचं बोलताय, मी पगाराचं बोलतो.

तिथे तयार कपड्यांच्या कारखान्यांत चाळीसेक लाख माणसं आहेत, निम्म्याहून जास्त बायका. रंगपूर, मैमनसिंहकडच्या खेड्यांतून आलेल्या पोरी. सकाळी शिफ्टला जाताना रस्ता नुसता बायकांनी भरलेला असतो, असं दृश्य आपल्याकडे तिरुपूर सोडलं तर मी पाहिलं नाही. बाईच्या हातात स्वतःचा पगार आला की घरातलं बरंच बदलतं. गावी पैसे जातात, धाकटी बहीण शाळेत टिकते. चंद्रभागाताई संस्थांना श्रेय देतात, मी या पोरींना देईन.

पण किंमत ऐका. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर गावात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी कामाला बोलावलं. २०२३ मध्ये कामगारांनी किमान पगार २३,००० टका मागितला, मिळाला १२,५००. त्यात पत्र्याच्या खोलीचं भाडं भरायचं, चार-पाच घरांत मिळून एक चूल, पाण्याला रांग. ही बाई पाहणीत गरीब ठरत नाही, रेषेच्या वर असते. महिनाभर आजारी पडली की रेषेच्या खाली. भारत पुढे की बांगलादेश, हा प्रश्न तिला विचारला तर ती विचारेल की ओव्हरटाइम मिळणार का.

चंद्रभागा

गोदातीर, बालविवाहाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, तो भयंकरच आहे. पण आपल्याकडे पाहा. महाराष्ट्राची सरासरी २१.९ टक्के, आणि बीड, परभणी, जालना या ऊसतोडीच्या पट्ट्यात ती कितीतरी वर. नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणून ऊसतोडीचं काम मिळतं, त्यामुळे मुलीचं लग्न लवकर उरकतात. तिथेही गरिबीच लग्न लावते.

आणि मला यातून उलटंच दिसतं. कोवळ्या वयाच्या आया, कमी पगार, दाटीची वस्ती, एवढं असूनही तिथली मुलं उंच होताहेत. मग पाच किलो तांदूळ-गहू पुरवूनही आपली का होत नाहीत? धान्यानं पोट भरतं. अंडं, डाळ, दूध, स्वच्छ पाणी, आईचं आरोग्य हे धान्यात येत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. अंगणवाडीत अंडं द्यायचं की नाही यावर आपण अजून वाद घालतो.

गोदातीर

अंडं द्यायलाच हवं, त्यावर आपलं भांडण नाही. माझं म्हणणं इतकंच की सतरा कोटींचा, एक भाषा बोलणारा, सपाट प्रदेशाचा देश आणि एकशे चाळीस कोटींचा आपला देश यांना एका तराजूत घालू नका. तुलना करायचीच तर पश्चिम बंगालशी करा. नदी तीच, भात तोच, मासे तेच.

रानवाट

मेळघाटात धारणीला काम करतो, म्हणून लिहितो. देशाची सरासरी आमच्या उपयोगाची नाही. नीती आयोगाच्याच हिशेबात २०१९-२१ मध्ये केरळात ०.५५ टक्के बहुआयामी गरीब आणि बिहारात ३३.७६ टक्के. महाराष्ट्र ७.८१ टक्के, त्यात मुंबई-पुणेही आलं आणि मेळघाटही आला.

बांगलादेशच्या उत्तरेला रंगपूर भागात 'मोंगा' म्हणतात तो काळ असतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर, पावसाळी पिकाचं 'अमन' भात कापणीला येईपर्यंत शेतात काम नाही, घरात दाणा नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तसंच. जुनं धान्य संपलेलं, नवं उभं, मजुरी बंद, ओढ्याला पूर, आणि मुलं दगावतात ती याच महिन्यांत. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानं रोजगार हमी आणली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, तो अशा रिकाम्या महिन्यांसाठीच. आज आमच्या लोकांना हमीची मजुरी हातात पडते तेव्हा पावसाळा सरलेला असतो.

गोदातीर म्हणतात पश्चिम बंगालशी तुलना करा. मी म्हणतो मेळघाटची रंगपूर भागातल्या कुरीग्राम जिल्ह्याशी करा. २०१६ मध्ये कुरीग्रामात ७०.८ टक्के लोक त्यांच्या रेषेखाली होते, त्यांच्या देशात सगळ्यात जास्त.

सांख्यिक

रानवाट, ही तुलना खरंच करण्यासारखी आहे. एक अडचण सांगतो. रंगपूर विभागाची गरिबी २०१६ मध्ये ४७.२ टक्के होती आणि २०२२ मध्ये २४.८ टक्के. सहा वर्षांत जवळपास निम्मी. यातलं किती मोंगा ओसरल्यामुळे आणि किती रेषा नव्यानं आखल्यामुळे, हे वेगळं काढावं लागेल, कारण २०२२ ला त्यांनी रेषाही बदलली. आपल्या पाहणीत तर मेळघाटसारख्या एका भागातली कुटुंबं इतकी थोडी येतात की त्यावरून तिथली टक्केवारी काढता येत नाही. पण दोन्हीकडे पाहणी वर्षभर चालते. महिन्यांप्रमाणे वेगळी केली तर विदर्भाच्या आणि रंगपूरच्या गरीब घरात ऑगस्ट-सप्टेंबरला ताटात काय होतं, एवढं तरी शेजारी ठेवून पाहता येईल.

रानवाट

तेवढंच काढा. डाळ आणि अंडी आधी.