प्लास्टिकची खेळणी : वाढदिवसाला द्यावीत की बंद करावीत?

गोदाकाठ :
माझं स्पष्ट मत, बंद करावीत. महिनाभरात मोडतात आणि मोडल्यावर भंगारवाला हात लावत नाही. त्यापेक्षा सावंतवाडीची लाकडी भातुकली द्या की!

डायवाला :
असहमत. मी मोल्डिंगच्या धंद्यात आहे. प्लास्टिकचा दाणा हॉपरमधून, म्हणजे वरच्या नरसाळ्यातून, तापलेल्या बॅरलमध्ये, म्हणजे नळीत, उतरतो, स्क्रू त्याला वितळवत पुढे रेटतो, साच्यात दाबाने भरतो, गार झाला की नग बाहेर. रनरचे, म्हणजे साच्याच्या वाटेत गोठलेल्या प्लास्टिकचे, तुकडे दळून पुन्हा त्याच मशीनला लागतात, वाया जात नाहीत. डाय, म्हणजे साचा, महाग असते, म्हणून एकीतून हजारोंनी नग काढतो आणि तेव्हा कुठे गाडी स्वस्तात मिळते. लाकडी भातुकली सगळ्यांच्या खिशाला झेपते का?

गोदाकाठ :
तुमच्याकडे दळता येतं, कारण तिथे एकच माल असतो. घरातल्या गाडीत एबीएस या कडक प्लास्टिकची बॉडी, पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकची चाकं, मोटर, वायरी, सेल. हे सोडवत कोण बसणार?

कटिंगचहा :
धारावीत तेरा कंपाउंडला, भंगाराच्या वस्तीत, बसतात की. फोडायचं, धातू काढायचा, चुरा पाण्यात टाकायचा. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन हे हलकं प्लास्टिक, तरंगतं, एबीएस आणि पीव्हीसी दोन्ही तळाला. ती दोन वेगळी होत नाहीत, घोळ तिथेच! एबीएसच्या तापमानाला पीव्हीसी जळतं, आम्लाचा वायू सुटतो, मशीन गंजतं. एवढ्याशा गाडीसाठी ही मजुरी परवडत नाही, मग ती थेट डंपिंगला.

डायवाला :
पण प्लास्टिक टिकतं, हे विसरू नका. लेगोचा १९५८चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. मोठ्याचं धाकट्याला द्या.

गोदाकाठ :
टिकतं तर खरंच! १९९७ साली टोकियो एक्सप्रेस जहाजावरून लेगोचा कंटेनर इंग्लंडजवळ समुद्रात पडला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पंचवीस वर्षांनीही तुकडे सापडत होते.

नियमावली :
भांडताय कशाला, कायदा बघा. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचा आहे, पण तो मुलाच्या सुरक्षेपुरता. सेलवर चालणारी काही खेळणी २०२२च्या ई-कचरा नियमांत आली. साध्या खेळण्याच्या वेष्टनाचं प्लास्टिक गोळा करणं उत्पादकाच्या अंगावर, आतली बाहुली मात्र कुणाच्याच नाही. हा कुठला न्याय?

गोदाकाठ :
हेच म्हणते मी. बनवणाऱ्याने परत घ्यावं.

डायवाला :
घेऊ, पण भाव वाढेल, तेव्हा ओरडू नका. नुसत्या पीपीची, खटक्याने बसणारी, बिनस्क्रूची गाडी करता येते. तशी डाय माझ्याकडे पडून आहे. दुकानदार विचारतो, "लाइट लागते का? आवाज येतो का?" नाही म्हटलं की ऑर्डर नाही.