थुंकीतल्या एन्झाईमच्या पिशव्या: ग्रॅन्युल आणि एक्झोसोम एकच का?

पेजवाला: बारावीच्या प्रॅक्टिकलला भाताच्या पेजेत थुंकी घालून आयोडीन टाकलं होतं, निळा रंग आलाच नाही, म्हणजे थुंकीतल्या अमायलेज या एन्झाईमने स्टार्च खाल्ला. आता एमएस्सीला सर म्हणतात लाळेत एन्झाईमवाले एक्झोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडते त्या बारीक पिशव्या, पण असतात. मग अमायलेज त्या पिशवीतच बसून तोंडात येतं का? डोक्याचा पार भुगा झालाय.

लॅबउंदीर: नाही रे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमायलेज असतं झायमोजेन ग्रॅन्युलमध्ये, म्हणजे कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथीच्या पेशीत भरून ठेवलेली साधारण 1 मायक्रॉनची पिशवी, सिग्नल आला की ती पेशीच्या कडेला चिकटते, तोंड उघडतं आणि माल सांडतो, पिशवीचं कातडं मात्र पेशीतच राहतं. एक्झोसोम अख्खाच्या अख्खा बाहेर पडतो, साईज 30 ते 150 नॅनोमीटर, आणि त्याच्या पडद्यावर डीपीपी-4 सारखं एन्झाईम सापडलंय, हो तेच, डायबेटीसच्या ग्लिप्टिन गोळ्या ज्याला अडवतात ते.

पेजवाला: अच्छा!! आणि सिग्नल म्हणजे चिंच बघून तोंडाला पाणी सुटतं तो?

मावशी_बायो: अर्धं बरोबर. पाणी सुटतं ते पॅरासिम्पथेटिक (आरामाच्या वेळी चालणाऱ्या) नसांमुळे, ग्रॅन्युल जोरात रिकाम्या होतात त्या सिम्पथेटिक (ताणाच्या वेळी चालणाऱ्या) नसांच्या सिग्नलने, पेशीवरच्या बीटा रिसेप्टरवरून, पेशीच्या आत निरोप पोचवणारा सीएएमपी हा रेणू वाढून. व्हायवाला हे हमखास विचारतात, मी स्वतः तिथेच आपटले होते 😅

पेजवाला: धन्यवाद मावशी, वहीत लाल पेनाने लिहिलं.