मॉडेल रेल्वेच्या डब्यांच्या दिव्यांसाठी सीआर२०३२ (नाण्यासारखा सेल) काढून सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा मोठा कपॅसिटर): किती फॅरड (साठवणक्षमतेचं एकक), कसा जोडावा?

नॅरोगेज_बडोदा
डभोईच्या ७६२ मिमी नॅरोगेजचे मॉडेल डबे १:८७ प्रमाणात, ९ मिमी रुळांवर. डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आज्ञा देणारी पद्धत), रुळांवर १४ व्होल्ट. डब्यात दोन वॉर्म व्हाइट एलईडी, सध्या सीआर२०३२ वर. सेल बदलताना दर वेळी छप्पर उचकटावं लागतं, कडेचा रंग उडतो. रुळांवरून वीज घेतली की सांध्यांवर दिवे मिचमिचतात. रेक्टिफायरनंतर (एसी वीज डीसी करणारा भाग) थेट सुपरकपॅसिटर लावला तर चालेल का?

फॅरड_फाटक
थेट मुळीच नको. एक तर सुपरकपॅसिटर सहसा २.७ व्होल्टचा असतो, १४ वर लगेच खराब होईल. दुसरं म्हणजे रिकामा असताना तो जवळपास शॉर्टसारखा वागतो, आठ-दहा डबे एकदम रुळावर आले की कमांड स्टेशन (रुळांना वीज आणि आज्ञा देणारा डीसीसीचा डबा) वीज तोडतं.

असं करा: एमबी६एस ब्रिज रेक्टिफायर, मग ७८एल०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर (इनपुटला ०.३३, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर), पुढे १एन५८१९ शॉटकी डायोड. इथे ४.७ व्होल्ट मिळतात. प्रत्येक एलईडी स्वतंत्र १ किलोओहम रेझिस्टरमधून इथेच जोडा. इथूनच १०० ओहममधून १ फॅरड, २.७ व्होल्टचे दोन सुपरकपॅसिटर सिरीजमध्ये. जोडी ०.५ फॅरडची होते. दोन एलईडी मिळून ४ मिलिअँपिअर घेतात, म्हणजे वीज गेल्यावर उजेड निम्मा व्हायला जवळजवळ तीन मिनिटं लागतात. सांध्यावरचा खंड सेकंदाच्या अंशाचा असतो, त्यामुळे यापेक्षा मोठा घेऊन डब्यातली जागा घालवू नका.

१०० ओहमवर आणखी एक १एन५८१९ समांतर टाका, डायोडवरच्या पट्टीची (कॅथोडची) बाजू एलईडीकडे. नाहीतर वीज तुटताच रेझिस्टरवर ०.४ व्होल्ट पडतात आणि दिवा किंचित मंदावतो.

सोल्डर_६०_४०
वरची जोडणी बरोबर आहे, पण जोडी निवडण्याकडे दुर्लक्ष करू नका. एक ०.९ आणि दुसरा १.३ फॅरडचा निघाला तर चार्ज होताना लहानावर २.७८ व्होल्ट येतात, मर्यादेच्या वर. दोघांवरचे व्होल्ट सारखे राहावेत (बॅलन्सिंग) म्हणून प्रत्येकावर १० किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावतातच, पण १ फॅरडबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट (परिणाम व्हायला लागणारा वेळ) पावणेतीन तासांचा. पहिल्या चार्जिंगला तो काही वाचवत नाही. एकाच लॉटचे घ्या. भरल्यावर दोघांवरचे व्होल्ट वेगवेगळे मोजा, ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर जोडी बदला. पोलॅरिटी उलटी होऊ देऊ नका.

बडोद्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत लेआउट (मांडलेली मॉडेल रेल्वे) असेल तर जोडीच्या ५.४ व्होल्टच्या मर्यादेखाली ४.७ वरच थांबल्याने राहणारा फरक खरंच कामाला येतो. हे कपॅसिटर साधारण ६५ अंशांपर्यंतचे असतात, उष्णता आणि व्होल्टेज दोन्ही त्यांचं आयुष्य खातात.

नॅरोगेज_बडोदा
५.५ व्होल्टचा नाण्यासारखा चपटा मिळतो, तो छपराखाली सहज मावेल. तो चालेल? आणि पिकअप (चाकांवरून वीज घेणारे संपर्क) डब्याच्या दोन्ही बोगींना (चाकांच्या गाड्यांना) लावू का?

फॅरड_फाटक
एलईडीला चालेल. त्याचा अंतर्गत रोध जास्त असतो, म्हणून इंजिनाच्या मोटरला मात्र निरुपयोगी. ०.४७ फॅरडचा घ्या, बॅलन्सिंगची कटकट वाचते.

पिकअप एकाच बोगीला पुरे: फॉस्फर ब्राँझची ०.२ मिमी तार, एका आसावरून उजवा रूळ, दुसऱ्यावरून डावा. चारही आसांवर तारा घासल्या तर लहान इंजिन चढावर अडखळतं. मधला खंड भरायला कपॅसिटर आहेच. चाकं आयसोप्रोपिलने पुसा, नाहीतर तो भरणारच नाही.

आणि डिकोडर (इंजिनातली डीसीसीच्या आज्ञा समजणारी चिप) प्रोग्रॅम करताना हे डबे प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (त्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) ठेवू नका. चार्जिंगचा करंट डिकोडरच्या उत्तरात मिसळतो आणि सीव्ही (डिकोडरमधल्या सेटिंग्ज) वाचता येत नाहीत.