ड्युरंटसाठी चार पिक दिले, ते चुकलं का? ड्राफ्ट पिकची किंमत मोजायची कशी?

पेठेतला_सन्स

मी मंगळवार पेठेत राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडं सगळी पोरं फुटबॉलची. पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघणारे आम्ही चौघंच. मी फिनिक्स सन्सचा, स्टीव्ह नॅशच्या जुन्या क्लिप बघून नाद लागला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केव्हिन ड्युरंट ब्रुकलिनहून आमच्याकडं आला, त्या दिवशी मी तिघांना मिसळ खायला घातली होती. त्याच्यासाठी मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, शिवाय २०२३, २०२५, २०२७ आणि २०२९ चे पहिल्या फेरीचे पिक गेले. पिक म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये ठरलेल्या नंबरावर नवा पोरगा निवडायचा हक्क. वर २०२८ चा पिक अदलाबदल करायचा हक्क, म्हणजे आमचा नंबर चांगला लागला तर तो त्यांनी घ्यायचा. मला वाटलं, हा नुसता कागद, जाऊ दे. त्याच मोसमात डेन्व्हरनं हरवलं. २०२४ ला मिनेसोटानं प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत ४-० नं घालवलं. २०२५ ला ८२ पैकी ३६ सामने जिंकले, प्लेऑफसुद्धा नाही, आणि ड्युरंट ह्यूस्टनला गेला.

माझा प्रश्न खरा आहे, भांडायला विचारत नाही. ज्या पोराचं नावही अजून माहीत नाही, त्याच्या बदल्यात ड्युरंट मिळत असेल तर नाही कसं म्हणायचं? आणि म्हणायचं असेल तर कशाच्या जोरावर?

लेकर्स_कोल्हापूर

भावा, पिक द्यायलाच असतात. २०१९ ला लेकर्सनी अँथनी डेव्हिससाठी लॉन्झो बॉल, ब्रँडन इंग्रम, जॉश हार्ट आणि पहिल्या फेरीचे तीन पिक दिले. २०२० ला ट्रॉफी आली. विषय हार्ड.

आणि पिकचा भरवसा काय? २००७ ला पोर्टलंडनं ह्याच ड्युरंटला सोडून ग्रेग ओडन घेतला आणि गुडघ्यांनी त्याचा घात केला. २०१३ ला क्लीव्हलँडनं पहिल्या नंबरला अँथनी बेनेट घेतला, तो चार मोसमांत एनबीएबाहेर. त्याच ड्राफ्टमध्ये पुढं सुपरस्टार झालेला यानिस पंधरावा गेला! ज्यांचा धंदाच पोरं हेरायचा, त्यांना कळत नाही तर कागदाला कवटाळून बसायचं कशाला?

सिमेंट_कोर्ट

दोघांचंही वाचलं. मी शाळेत बास्केटबॉल शिकवतो, बावीस वर्षं झाली. घरी वडिलांपासून म्हशी आहेत, त्यामुळं मला हा हिशेब गोठ्यातूनच कळतो.

दुभती म्हैस आणली की त्याच संध्याकाळी चरवी भरते. रेडी तीन-चार वर्षं नुसती खाते आणि ती दूध किती देईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून दुभतीचा भाव जास्त, हे बरोबरच आहे. पण वडील म्हैस घेताना आधी विचारायचे, "वेतं किती झाली?" ड्युरंट आला तेव्हा ३४ वर्षांचा होता. दूध भरपूर देत होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या बदल्यात सन्सनी २०२९ पर्यंतच्या रेड्या देऊन टाकल्या, आणि २०२९ ला ड्युरंट ४१ वर्षांचा होणार. लेकर्सनी डेव्हिस घेतला तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि शेजारी लेब्रॉन जेम्ससारखा दिग्गज उभा होता. ते उदाहरण इथं लागू पडत नाही, पोरा.

आता पैशाचं. पिकचा खरा जीव इथं आहे, आणि पहाटे सामने बघणारी पोरंही याच्याकडं बघत नाहीत. प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा असते. २०२४-२५ ला ती १४ कोटी डॉलरच्या थोडी वर होती. पहिल्या फेरीत घेतलेल्या पोराचा पगार त्याच्या नंबरावरून ठरतो, तो खेळला कसाही असला तरी. दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. म्हणजे पोरगा भारी निघाला तर चार वर्षं तो तुम्हाला स्वस्तात मिळतो. २०२५ ला ओक्लाहोमा सिटी जिंकली, त्यात फायनलच्या पाचव्या सामन्यात जेलन विल्यम्सनं ४० गुण केले. त्या मोसमात त्याचा पगार होता सुमारे ४८ लाख डॉलर! त्यांचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडरचा साडेतीन कोटींच्या वर. शेच्या खालोखालचा खेळाडू एवढ्यात मिळाला, म्हणून उरलेल्या पैशात बाकीची फळी उभी राहिली. सन्सकडं ड्युरंट, बुकर आणि बील असे तीन मोठे पगार होते. बाकी जागांवर कमीत कमी पगारात येतील ती माणसं. प्लेऑफमध्ये बेंचवरून कोण येत होतं ते आठवून बघ.

हा विल्यम्स आला कुठून तेही सांगतो. २०१९ ला क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमाला शे दिला, गॅलिनारी दिला आणि पहिल्या फेरीचे पाच पिक दिले. त्यातल्या एका पिकवर २०२२ ला बारावा आला तो विल्यम्स. शे स्वतः २०१८ चा अकरावा. एका व्यवहारातून पुढचा विजेता उभा राहिला, पण सहा वर्षं लागली, आणि मधली दोन-तीन वर्षं त्यांनी सपाटून मार खाल्ला. तो मार सोसायची ज्याची तयारी नाही त्यानं पिक साठवू नयेत.

दुसरं म्हणजे पिक कुणाचा आहे. तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये वरचे नंबर मिळतात, म्हणून तू समोरच्याचा पिक घेतोस तेव्हा तो संघ पुढच्या काळात खाली घसरणार यावर डाव लावतोस. २०१३ ला ब्रुकलिननं बोस्टनकडून ३७ वर्षांचा गार्नेट आणि ३५ वर्षांचा पिअर्स घेतला. दिले २०१४, २०१६ आणि २०१८ चे पिक, आणि २०१७ चा अदलाबदलीचा हक्क. २०१७ ला ब्रुकलिन ८२ पैकी २० सामने जिंकून तळाला गेली आणि तिचा पहिला नंबर बोस्टनच्या हातात. तेव्हा बोस्टन स्वतः पूर्वेकडच्या संघांच्या गटात अव्वल होती! २०१६ चा झाला जेलन ब्राऊन. २०१७ चा पहिला नंबर फिलाडेल्फियाला देऊन बोस्टननं तिसरा घेतला आणि तिथं टेटम उचलला. २०२४ ची ट्रॉफी त्या दोघांची. दोन म्हाताऱ्या म्हशी देऊन आणलेल्या रेड्या त्या.

तुझ्या सन्सचं तर मला फार वाईट वाटलं. त्यांचा २०२५ चा पिक ब्रुकलिनकडून ह्यूस्टनला गेला होता, तो दहावा लागला. ड्युरंटला ह्यूस्टनला पाठवल्यावर बदल्यात जे आलं, त्यात तोच दहावा पिक होता. आपल्याच गोठ्यातली रेडी, आपलीच दुभती म्हैस देऊन परत आणली.

बेनेट आणि ओडनचं म्हणशील तर चुका होतात. मीही केल्या आहेत. एका वर्षी संघ निवडताना मी आठवीतला सहा फुटी पोरगा घेतला आणि एका बुटक्या, काटक पोराला घरी पाठवलं. उंच पोरगा दिवाळीनंतर यायचाच बंद झाला. बुटका रोज शाळा सुटल्यावर एकटा बोर्डावर बॉल मारत बसायचा. मी त्याला पुढच्या वर्षी घेतलं, पण एक वर्ष त्याचं वाया घालवलं, याची रुखरुख आजही आहे. चूक होते म्हणून एकच पिक ठेवायचा नसतो, चार ठेवायचे. चारांतला एक लागतो.

पेठेतला_सन्स

सर, वाचून पोटात गोळा आला, पण पटलं. एक विचारू? डेन्व्हरचा सुपरस्टार जोकिच २०१४ ला एक्केचाळिसावा गेला, म्हणजे दुसऱ्या फेरीत. मग पहिल्या फेरीलाच एवढं महत्त्व का?

सिमेंट_कोर्ट

कारण जोकिच एकच. दुसऱ्या फेरीतून बहुतेक पोरांना साधी जागाही टिकवता येत नाही. त्यांना पहिल्या फेरीसारखा पक्का पगारही नसतो. ड्रेमंड ग्रीन पस्तिसावा आणि जिनोबिली सत्तावन्नावा अशी नावं लक्षात राहतात, कारण ती विरळा.

पण त्यांच्याकडं बघताना ती कुठं गेली तेही बघ. खासबागेत नाव केलेल्या पैलवानाचं गाव लोक विचारतात, तसं वस्ताद कोण आणि तालीम कुठली हेही विचारतात. जिनोबिली १९९९ ला निवडला गेला, सॅन अँटोनिओनं त्याला २००२ पर्यंत युरोपात खेळू दिलं. घाई केली नाही. कवाय लिओनार्ड २०११ चा पंधरावा, त्याची नेम मारायची पद्धत तिथंच बसून बदलून घेतली.

२०१५ ला पंजाबचा सतनाम सिंग बावन्नावा गेला, डॅलसकडं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्या सकाळी मी प्रार्थनेआधी पोरांना कोर्टवर जमवून सांगितलं, तेव्हा पोरं सिमेंटवर नाचली होती. त्याला एनबीएच्या मोसमातला एकही सामना मिळाला नाही. मला तो तेव्हाही मोठा वाटला, आजही वाटतो. पण बावन्नावा नंबर म्हणजे काय, हे मला त्याच्याकडं बघूनच कळलं.

पेठेतला_सन्स

मग आमचा दहावा? खमन मालुआच, २०२५ ला घेतला तेव्हा १८ वर्षांचा, सात फुटांच्या वर.

सिमेंट_कोर्ट

तीन वर्षं तो किती मिनिटं खेळतो ते मोजू नकोस. पाय कसे हलतात ते बघ, आणि मला इथं कळवत राहा.