पट्टी, स्वर आणि सूर : ‘काळी एक’मधला कोमल रे कुठे असतो?

‘सा म्हणजे पेटीवरची (हार्मोनियमवरची) नेमकी कोणती पट्टी?’ हा प्रश्न गाणे शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांकडून हमखास येतो. त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ‘पट्टी’ हा शब्दच आपण निदान तीन अर्थांनी वापरतो. पेटीवर बोटाने दाबायची ती पट्टी; गाणाऱ्याने आपला षड्ज (सा) म्हणून ठरवलेली उंची तीही पट्टी; आणि ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ असे घरात दटावले जाते तेव्हा स्वराची उंची आणि आवाजाचा जोर यांची सरमिसळ झालेली असते. संगीतात मात्र मोठ्याने गाणे आणि वरच्या पट्टीत गाणे या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात व दोन्ही रंगांची मोजणी डावीकडून स्वतंत्रपणे होते. त्यामुळे पाश्चात्त्यांचा ‘सी’ ही आपली पांढरी एक, ‘सी शार्प’ ही काळी एक आणि ‘जी शार्प’ ही काळी चार ठरते. बोलताना ‘पट्टी’ हे नाम गाळले जाते, पण त्याचे लिंग मागे उरते, म्हणून ‘तुमची कोणती?’ या प्रश्नाला ‘काळी चार’ असे स्त्रीलिंगी उत्तर मिळते.

ही नावे पेटीवरच्या जागांची आहेत, स्वरांची नव्हेत. सा, रे, ग, म ही नावे नाती सांगतात : सा कुठे धरला यावरून बाकीच्यांच्या जागा ठरतात. गोंधळ होतो तो इथेच. आमच्या वर्गातल्या एका मुलीने सुरुवातीचे अलंकार (सरावाच्या ठरावीक स्वररचना) पांढरी एक हा सा धरून शिकले होते. त्या पट्टीत सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर आणि चार कोमल (शुद्धाहून खालचे रे, ग, ध, नी) व तीव्र मध्यम (शुद्धाहून वरचा म) काळ्यांवर येत असल्याने ‘काळी म्हणजे कोमल’ असे समीकरण तिच्या मनात पक्के बसले. पुढे तिला काळी एकमध्ये गायला सांगितले, तेव्हा कोमल रिषभासाठी (रेसाठी) तिचे बोट सरळ काळी दोनवर गेले, आणि तिथे वाजला शुद्ध रिषभ. कोमल रिषभ त्या दोन काळ्यांच्या मधे, पांढरी दोनवर होता. काळी एकमध्ये तर सगळे चित्रच उलटते : सा, रे, म, प, ध हे पाच शुद्ध स्वर काळ्यांवर येतात, शुद्ध ग पांढरी चारवर व शुद्ध नी वरच्या पांढरी एकवर पडतो, आणि पाचही विकृत स्वर, म्हणजे चार कोमल व तीव्र मध्यम, पांढऱ्यांवर जातात. हे एकदा स्वतःच्या बोटांनी वाजवून पाहावे. पानभर व्याख्यांपेक्षा ते लवकर समजते.

जाता जाता, ‘विकृत’ या शब्दाने बिचकू नये. तो इथे ‘मूळ जागेवरून हललेला’ एवढ्याच अर्थाने येतो. ‘शुद्ध’च्या विरुद्ध संगीतात ‘अशुद्ध’ नसते. तसेच कोमल स्वर हळुवार आवाजात लावायचा नसतो, तो फक्त शुद्धाच्या खाली असतो.

राहिला ‘स्वर’ आणि ‘सूर’ यांतला भेद. ‘सूर’ हे ‘स्वर’चेच तद्भव रूप असले तरी गाणाऱ्यांच्या बोलण्यात दोघांची कामे पुष्कळदा वेगळी असतात. भूप राग गाताना मध्यम लागला तर ‘स्वर चुकला’ असे म्हणतात, कारण भूपात मध्यम वर्ज्य आहे, म्हणजे तो घ्यायचाच नसतो. गंधार (ग) लावायचा होता, गंधारच लावला, पण तो किंचित खाली राहिला, तर ‘सूर उतरला’ असे म्हणतात. पहिल्या चुकीसाठी गुरुजी रागाचे आरोह-अवरोह पुन्हा म्हणायला लावतात, तर दुसरीसाठी काही न बोलता तंबोऱ्याकडे बोट दाखवतात.