मदत हवी आहे: 'सनराइज'सारखे गंभीर मूकपट सुचवा

नमस्कार मंडळी,

मूकपट म्हटलं की लोक आधी चॅप्लिन आणि कीटनची नावं घेतात, त्यानंतर 'नॉस्फेराटू' आणि 'मेट्रोपोलिस'. ते पाहून झालंय आणि आवडलंही आहे. आता मला साध्या माणसांचे मूकपट हवेत. संसार, गरिबी, अपमान, पश्चात्ताप असले विषय चालतील. भुतंखेतं नकोत, पौराणिक नको, धावपळीचा विनोदही नको. शोधायला गेलं की प्रत्येक यादी त्याच ठरावीक नावांवर येऊन थांबते.

काय आवडलं ते सांगतो, म्हणजे सुचवायला सोपं जाईल.

मुर्नाउचा 'सनराइज' (१९२७) सगळ्यात वर. शहरातून आलेल्या बाईच्या नादी लागलेला शेतकरी बायकोला होडीतून नेऊन बुडवायचं ठरवतो आणि ऐन वेळी कच खातो. खरा चित्रपट त्यानंतर सुरू होतो. ती जीव मुठीत धरून ट्रॅममध्ये चढते, तो मागोमाग येतो, खिडकीबाहेर रान सरून शहर लागतं आणि दोघांत एक शब्द होत नाही. पहिल्याच ऑस्करमध्ये जॅनेट गेनरला अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते हा आणि आणखी दोन चित्रपट मिळून. एकट्या या ट्रॅमच्या प्रसंगासाठी दिलं असतं तरी माझी हरकत नव्हती.

मुर्नाउचाच 'द लास्ट लाफ' (१९२४) पाहिलाय. मोठ्या हॉटेलचा दारवान, वय झालं म्हणून त्याचा रुबाबदार गणवेश उतरवतात आणि त्याला स्वच्छतागृहात टॉवेल द्यायला बसवतात. मधेमधे पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या जवळजवळ नाहीतच, तरी एमिल यानिंग्जच्या नुसत्या पाठीवरून सगळं कळतं. शेवटी 'लेखकाला त्याची दया आली' अशा अर्थाची पाटी टाकून जो गोड शेवट जोडलाय तो मला थट्टाच वाटतो, पण त्यावर वेगळा धागा निघेल.

तिसरा किंग व्हिडोरचा 'द क्राउड' (१९२८). मुलगी मरणाच्या दारात आहे आणि बाप रस्त्यावर येऊन गर्दीला 'गप्प बसा' म्हणून विनवतोय. मूकपटात गोंगाट इतका ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

ग्रिफिथचा 'ब्रोकन ब्लॉसम्स' (१९१९) मात्र अर्धाच भावला. लिलियन गिश बापाच्या भीतीने कपाटात कोंडून घेते तो प्रसंग अंगावर येतो. पण चिनी नायकाचं काम गोऱ्या नटाने डोळे बारीक करून केलंय ते शेवटपर्यंत खटकतं, आणि पाट्यांवरची भाषा फारच अलंकारिक आहे. म्हणजे पाट्या कमी आणि चेहरे जास्त, असं काही असेल तर आधी सांगा.

अजून दोन शंका. एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींत माणसं वेगवेगळ्या वेगाने का चालतात? एकीत अगदी दुडूदुडू धावतात. आणि आपल्याकडच्या मूकपटांत असं सामाजिक काही पाहायला मिळतं का? बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'बद्दल (१९२५) बरंच वाचलंय.

जाणकारांनी कृपया सुचवावं. संपूर्ण गोष्ट मात्र सांगू नका.

प्रतिसाद १

तुमची आवड पाहता आधी स्वीडनकडे वळा. व्हिक्टर श्योस्त्रोमचा 'द फँटम कॅरेज' (१९२१) नावावरून भुताचा वाटतो आणि मृत्यूची गाडी त्यात आहेही, पण मूळ विषय दारूपायी घराची धूळधाण करणारा माणूस हा आहे. ते काम दिग्दर्शकाने स्वतः केलंय. पुढे बर्गमनने 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये (१९५७) म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या भूमिकेसाठी याच श्योस्त्रोमला घेतलं. त्याचा अमेरिकेतला 'द विंड' (१९२८) लिलियन गिशसाठी पाहाच. मोहावीच्या वाळवंटात विमानांचे पंखे लावून वादळ उठवलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

चीनचा 'द गॉडेस' (१९३४) चुकवू नका. शांघायमध्ये देहविक्रय करून मुलाला शिकवणारी आई, आणि शाळेत तक्रारी करणारे इतर पालक. रुआन लिंग-यू यात क्वचितच हुंदके देते, तरी पाहणाऱ्याचं अवघड होतं. पुढच्याच वर्षी, अवघ्या २४व्या वर्षी ती गेली.

जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी फार लोकप्रिय होते. तिथे मूकपट तिशीच्या दशकातही निघत राहिले त्याचं हे एक मोठं कारण. ओझूचा 'आय वॉज बॉर्न, बट...' (१९३२) त्यातला. निम्मा हसवतो, मग दोन पोरांना आपला बाप साहेबापुढे कसा वागतो ते कळतं. तुम्ही विनोद नको म्हणालात, पण याला सूट द्या.

वेगाचं म्हणाल तर तेव्हा कॅमेरे बहुधा हाताने फिरवत. सेकंदाला १६ ते २० चौकटींनी टिपलेलं चित्र बोलपटाच्या २४ च्या वेगाने चालवलं की माणसं धावणारच. नीट जतन केलेल्या नव्या प्रतींत हे सुधारलेलं असतं. शक्य तिथे त्याच पाहा.

'सावकारी पाश'चा मूकपट आज उपलब्ध नाही. त्यात तरुण व्ही. शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. पेंटरांनी १९३६ साली तो बोलपट म्हणून पुन्हा काढला. फ्रान्झ ओस्टेनचे 'शिराझ' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) चांगल्या अवस्थेत आहेत, पण ते राजेरजवाड्यांचे. देखणे आहेत, तुम्हाला हवे तसे नाहीत.

प्रतिसाद २

चॅप्लिनचं नाव ऐकून पुढे जाऊ नका. 'अ वुमन ऑफ पॅरिस' (१९२३) हे त्याने दिग्दर्शित केलेलं गंभीर नाटक आहे, स्वतः हमालाच्या रूपात क्षणभर दिसतो तेवढाच. एडना पर्व्हिअन्सचं काम अतिशय संयत. पाट्या आहेत, पण भाषा साधी.

श्ट्रोहाइमचा 'ग्रीड' (१९२४) पाहिला नसेल तर तो पैशाच्या हव्यासावरचा सगळ्यात निर्दय मूकपट समजा. मूळ सुमारे आठ तासांचा होता, स्टुडिओने कापून अडीच तासांच्या आत आणला. कापलेल्या प्रसंगांच्या जागी स्थिरचित्रं घालून १९९९ साली चार तासांची आवृत्ती तयार केली आहे. मी छोटी आधी पाहा म्हणेन.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. 'द गॉडेस'ने सुरुवात करतो, मग 'द विंड'. 'ग्रीड'ची छोटी आवृत्ती पाहून झाल्यावर लांब पाहण्यात खरंच काही वेगळं हाती लागतं का? स्थिरचित्रांमुळे लय तुटत असेल असं वाटतं. कोणी दोन्ही पाहिल्या असतील तर सांगा. आणि 'द गॉडेस'ला कुठलं संगीत असलेली प्रत बरी?