शब्दचर्चा : ‘मदतनीस’ नको, मग ‘भिडू’ चालेल का?

प्रश्न, बडोद्याहून

दांडिया बाजारातलं आमचं छोटं मंडळ रविवारी सकाळी बौद्धिक दिव्यांग मुलामुलींचा बोचीचा (लहान चेंडूच्या जवळात जवळ आपले चेंडू नेण्याचा खेळ) सराव घेतं. स्पेशल ऑलिम्पिक्स या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या जागतिक क्रीडा चळवळीच्या ‘युनिफाइड’ प्रकारात बौद्धिक दिव्यांगता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. बोचीच्या दुहेरीत एक आणि एक, पाच जणांच्या फुटबॉलमध्ये मैदानावर तीन आणि दोन. त्यातल्या दिव्यांगता नसलेल्यांना ‘पार्टनर’ म्हणतात. पालकांच्या पत्रकात मी त्याला ‘मदतनीस’ लिहिलं.

परवा चुन्याने ६० फुटांची पट्टी आखत होतो, तेव्हा आमचा बावीस वर्षांचा एक खेळाडू ते पत्रक घेऊन आला. तो अक्षर लावून लावून वाचतो. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, “काका, हा मला मदत नाही करत. त्याचे दोन चेंडू, माझे दोन.” हिशेब अगदी बरोबर आहे, जोडीला चारच चेंडू मिळतात. मला फार लागलं ते. ‘जोडीदार’ म्हणावं तर लग्नपत्रिका आठवते. ‘सहखेळाडू’ तोंडात बसत नाही. ‘भिडू’ कसा वाटतो?

उत्तर १

भिडूच! मुंबईकडे कुणालाही ‘काय भिडू’ म्हणतात, म्हणून तो टपोरी वाटायला लागला, पण शब्द मुळात मैदानातला आहे. ‘एक भिडू कमी पडतोय’, ‘भिडू वाटून घ्या’ हे आपण खो-खो, आट्यापाट्या खेळताना म्हणतच आलो. आणि तो दोन्हीकडून लागू पडतो. मी तुझा भिडू, म्हणजे तूही माझा. मदतनीस तसा उलटत नाही, त्यात एक देणारा आणि एक घेणारा ठरूनच जातो.

‘गडी’ मात्र टाळा. ‘गडी बाद’ खेळातलंच आहे, पण घरकामाचा गडीही तोच.

उत्तर २ (विशेष शाळेत शिकवते)

दादा, आणखी एका शब्दाकडे लक्ष द्या : ‘लिंबूटिंबू’. गल्लीतल्या खेळात धाकट्याला घ्यायचं, पण तो बाद झाला तरी धरायचं नाही. आमच्या मुलांना वर्षानुवर्षं असंच खेळवलं गेलं, प्रेमानेच, आणि त्यांना ते कळतं. १९६८ साली शिकागोत स्पेशल ऑलिम्पिक्सची पहिली स्पर्धा झाली, त्या चळवळीत याला उत्तर आहे. वय, स्त्री-पुरुष आणि प्राथमिक फेरीतली कामगिरी पाहून गट पाडतात. गटातल्या सर्वांत सरस आणि सर्वांत कमी खेळाडूत साधारण १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा, असा प्रयत्न असतो. म्हणून तिथली हार खरी असते आणि जीतही. लिंबूटिंबूचा भिडू झाला, तर तुमच्या शब्दाला अर्थ आहे.

‘मतिमंद’ मी बोलण्यातून केव्हाच काढला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही १९९५ च्या कायद्यातला ‘मंदता’वाला शब्द राहिला नाही. काही नातेवाईक अजून ‘मनोरुग्ण’ म्हणतात. ते तर साफ चूक, मानसिक आजार वेगळा.

उत्तर ३

भिडू बोलायला छान, पण छापील पत्रकात? सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला (१९३१), त्या गावाचं पत्रक आहे. थोडा भारदस्त शब्द शोधा.

प्रश्नकर्ता

काका, तुमचा मान राखून सांगतो, त्या कोशामागेही हेतू हाच होता ना, की कामाचा शब्द लोकांना समजावा? आमच्याकडे निम्मे पालक गुजराती आहेत. त्यांना ‘भिडू’ सांगितलं, तर एक आजी लगेच म्हणाल्या, “एटले भेरु!” त्यांच्या खेळातला सवंगडी. दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापतो आहे. दिव्यांग मुलांपुढे ‘विशेष’ही लावत नाही. दोघंही खेळाडू, दोघंही एकमेकांचे भिडू.

एकच अडलंय. मुलींच्या जोडीला काय लिहू? शब्दकोशात भिडू पुल्लिंगी, पण आमच्या मुली सर्रास ‘ही माझी भिडू’ म्हणतात.

उत्तर २

मुली म्हणतात तसंच छापा, दादा.